हिरवा सांबार

सुट्टी हा शब्द माझ्या मायला आवडत नसे. ती ज्या मळ्यात भाजीच्या कामाला जाई तिथे सुट्टी देणे याचा एकच अर्थ होता : उद्यापासून येऊ नकोस. त्यामुळे माझी थोरली बहीण कमलताई रजेवर घरी आली आणि चुलीपुढे बसून म्हणाली, "माय, या उन्हाळ्यात दीड महिना सुट्टीवर चाल माह्याकडे," तेव्हा मायने हातातली भाकर आधी तव्यावर टाकली, तिला वरून पाणी लावले आणि मग विचारले, "काऊन? मी का काम चुकली?"

ताई अंदमानात एका सरकारी दवाखान्यात नर्स होती. नागपुरात शिकून ती परीक्षा उत्तीर्ण झाली होती आणि जिथे जायला फारसे कोणी तयार नव्हते तिथल्या जागेसाठी तिने अर्ज केला होता. आमचे गाव वरवट बकाल. राज्य नवे झाले होते; शाळेत आम्हाला वहीच्या पहिल्या पानावर त्याचे नाव लिहायला लावले होते. माय मात्र कोणी विचारले की "आमी वऱ्हाडातले" एवढेच सांगे. ताई मायला न्यायला आली आहे ही बातमी दुपारपर्यंत वस्तीभर झाली. शेजारच्या गिरजामावशीला बेट म्हणजे बांबूचे बेट एवढेच ठाऊक होते. तिने विचारले, "बेटात राह्यता काय वो तुमी? साप नाही निंघत?" समोरच्या ओट्यावरचे एक आजोबा म्हणाले, "काळ्या पान्यावर चालली का? कोनाचा मुडदा पाडला बाई तू?" माय म्हणाली, "अजून नाही पाडला. तुमी लय बोलसान त पाडतो." माझी मॅट्रिकची परीक्षा नुकतीच झाली होती, म्हणून सोबतीला मीही निघाले. बाबा शाळेत शिपाई होते. ते म्हणाले, "तुमी जा. शेळ्या मी पाह्यतो."

मायचे काम सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. मळा गावाबाहेर होता, विहिरीवर इंजिन होते आणि त्याची टकटक आमच्या घरापर्यंत ऐकू येई. मेथी, पालक, वांगी, आणि बारमाही सांबार. आमच्या भागात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. कोथिंबीर हा शब्द मी पुस्तकात वाचला होता, पण घरात कोणी तो उच्चारल्याचे मला आठवत नाही. माय पहाटे सांबार उपटे, मुळ्यांची माती झटके, मुठीच्या अंदाजाने जुडी करे आणि केळीच्या सोपटाने बांधे. तिच्या जुडीत एक काडी कमी-जास्त होत नसे. हातांना त्याचा वास कायमचा बसला होता. तिने माझी वेणी घातली की केसांनाही तो लागे. तिने बांधलेली जुडी गावातल्या कोणत्याही चुलीपर्यंत जाई. ती स्वतः उंबऱ्यापर्यंत जाई. सांबार पाण्यात बुचकळला की त्यांच्या लेखी शुद्ध होई. तिने शिजवलेले मात्र वस्तीबाहेर कोणी खात नसे. आम्ही धम्म स्वीकारून काही वर्षे झाली होती, देव्हारे गेले होते, नाव बदलले होते. गावाने नवे नाव ऐकून घेतले होते, पण वागणे तेच ठेवले होते. मळेवाले वाईट माणसे होती असे नाही. सणाला ते मायला पुरणपोळी देत. माय एकदा दिवाळीचे अनरसे घेऊन गेली तेव्हा त्यांनी ते आनंदाने घेतले, आणि संध्याकाळी ती परत निघताना ते गोठ्यात गाईपुढे होते. मायने ते घरी सांगितले नाही. ते मी पाहिले होते.

शेगावहून रेल्वेने वर्धा, वर्ध्याहून मद्रास, तिथून जहाज. मायच्या गाठोड्यात ज्वारीचे पीठ, तिखट, लसूण आणि पाव पायली धणे होते. जहाजावर दोन दिवस ती डोके वर करू शकली नाही. तिसऱ्या दिवशी उठून बसली, लसणाची एक पाकळी मीठ लावून चावली आणि बरी झाली. चौथ्या दिवशी बेट दिसले. उतारावर पत्र्याच्या छपरांची घरे, मागे गर्द हिरवे डोंगर, नारळ इतके की मोजणे मी सोडून दिले. ताईचे क्वार्टर दोन खोल्यांचे होते आणि पुढच्या ओसरीतून समुद्र दिसे.

पहिल्या दिवशी माय चारला उठली. अंगण झाडले, पाणी भरले, भाकरी केल्या, भांडी घासली. सहा वाजले होते. ताईला म्हणाली, "आता?"

"आता बस."

माय ओसरीवर बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "बसली. आता?"

"माय, सुट्टी याले म्हनतात. बसाचं, समुद्र पाहाचा."

तिने समुद्र पाहिला. नीट पाहिला, कारण ताईने सांगितले होते. मग विचारले, "याच्या पल्याड जमीन कवा लागते?" ताईने सांगितले की या बाजूने फार लांबवर लागत नाही. मायने मान हलवली. ज्याला पलीकडचा बांध नाही असे वावर तिने पहिल्यांदा पाहिले असावे. रविवारी दवाखान्यातल्या नर्सेसबरोबर आम्ही किनाऱ्यावर गेलो. कोणी पोहले, कोणी शहाळी फोडली, कोणी झाडाखाली झोपले. मायने गुडघ्यापर्यंत पाण्यात जाऊन पाहिले, लाट आली तशी हसली, तिचे ते हसणे मला नवीन होते. मग ती बाहेर येऊन वाळूची मूठ घेऊन चोळत बसली. "हिच्यात काय येईन?" तिने विचारले. मी म्हटले, ही वाळू आहे, हिच्यात काही येत नाही. "मंग क्वार्टरामांगं माती हाय, ते पाहू," ती म्हणाली. तिची सुट्टी तिथून सुरू झाली.

बेटावर त्या काळी भाजी जहाजाने येई. बटाटे, कांदे ठीक असत. पालेभाजी पोहोचेपर्यंत काळी पडे. शेजारच्या बंगाली बाईंनी सांगितले की धनेपत्ता इथे उन्हाने जळतो, कोणाकडेच टिकत नाही. मायने ऐकून घेतले. दुसऱ्या दिवशी तिने गाठोड्यातले धणे काढले, चपलेखाली रगडून त्यांच्या दोन-दोन फाका केल्या आणि रात्रभर ओल्या फडक्यात ठेवले. गवळ्याकडून शेणखत आणले. क्वार्टरमागे तिने लांबट वाफे केले, त्यांवर नारळाच्या झावळ्यांचा मांडव घातला, इतका ठेंगणा की पाणी द्यायला वाकून आत शिरावे लागे. पाणी फक्त सूर्य मावळल्यावर. दहाव्या-बाराव्या दिवशी अंकुर दिसले तेव्हा बंगाली बाई सगळ्या मुलांना घेऊन पाहायला आल्या. मायने सर्वांना दुरून पाहायला लावले, जणू आत बाळंतीण होती.

त्या वसाहतीत ज्याला विचारावे त्याचे मूळ वेगळे. बंगाली, तमिळ, मल्याळी, तेलुगू, रांचीकडचे मजूर, आणि तिथेच जन्मलेले. सगळे मिळून एक मोडकी हिंदी बोलत, आणि मायची वऱ्हाडी त्या हिंदीत सहज मिसळून गेली. पुढे पुण्यात नोकरीला गेल्यावर माझ्या बोलण्याला लोक हसत, तेव्हा मला हे आठवे : समुद्रापलीकडे माझ्या मायला कोणी दुसऱ्यांदा बोलायला लावले नव्हते. ताईने पहिल्याच आठवड्यात आम्हाला एक गोष्ट सांगून ठेवली. "इथं कोनी जात इचारत नाही. एकच घर हाय, त्याले इचाराची गरज नाही. आडनावावरून समजते." ते घर लिमये यांचे. लिमये बांधकाम खात्यात होते, मूळ पुण्याचे. त्यांच्या पत्नीला सगळे वहिनी म्हणत. त्या मनमोकळ्या होत्या, मराठी बोलायला मिळते म्हणून आमच्याकडे येत, मायला मावशी म्हणत. पहिल्या महिन्यात त्या पाच वेळा आल्या. पाचही वेळा त्यांचा चहा नुकताच झालेला होता.

सांबार वीतभर झाला त्या सुमारास दवाखान्याचा नवा वॉर्ड बांधून तयार झाला. खाटा आत लावण्याआधी तिथेच सर्वांचे एकत्र जेवण करायचे ठरले : डॉक्टर, नर्सेस, शिपाई, सफाईवाले, त्यांची कुटुंबे, मिळून दोनशे पाने. प्रत्येक घराने काही ना काही द्यायचे होते. मेट्रन मल्याळी होत्या, उंच, करड्या. त्या घरोघर विचारत फिरत होत्या. आमच्याकडे आल्या तेव्हा ताई ड्यूटीवर होती. सोबत लिमयेवहिनी होत्या, त्याच दुभाषी झाल्या.

"मावशी, मेट्रन विचारतायत, जेवणाला तुम्ही काय द्याल?"

"मी काय देऊ वो बाई? माह्याजवळ सांबार हाय. सांबार देतो."

"सांबार? दोनशे माणसांना?"

"हाव. दोनशेले पुरून उरते."

"एवढं जमेल तुम्हाला?"

माय हसली. "बाई, जलमभर तेच केलं."

वहिनींनी हे इंग्रजीत मेट्रनना सांगितले. माझे इंग्रजी पुस्तकापुरते होते आणि त्या भरभर बोलल्या. मेट्रनच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसले, मग त्यांनी मायचा हात दोन्ही हातांत घेतला. त्या गेल्यावर माय म्हणाली, "सांबारासाठी एवढं काऊन करून राह्यली हे बाई?" मला चूक कळायला हवी होती. मी तिथेच बसले होते, मॅट्रिकला बसलेली मुलगी. पण मायच्या तोंडून सांबार ऐकला की मला हिरवी जुडीच दिसे. दक्षिणेकडे सांबार नावाचे आंबट वरण असते हे मला ठाऊक नव्हते. ताई त्याला मेसमधले वरण म्हणे, आणि आम्ही मेसमध्ये कधी जेवलो नव्हतो. पुढे मी तीस वर्षे वर्तमानपत्राच्या टेबलावर इतरांच्या बातम्या तपासल्या. शब्द ओळखीचा वाटला की माणूस तो तपासत नाही, हे मी टेबलावर बसण्याच्या पुष्कळ आधी शिकले.

जेवणाच्या दिवशी मायने पहाटे सगळे वाफे उपटले. धुऊन, निथळून दोन टोपल्या भरल्या. सकाळी आठच्या सुमारास आम्ही तिघी दवाखान्याच्या स्वयंपाकघरात गेलो. मुख्य आचारी पेरुमाळ नावाचा होता, पन्नाशीचा, जाड मिशांचा. त्याच्या चुलींवर भाताचे आधण होते, एका पातेल्यात पायसम म्हणजे त्यांच्याकडची खीर शिजत होती आणि बंगाली घरांतून मासळी यायची होती. तो मायवर आधीच रुसलेला होता, ते आम्हाला नंतर कळले. वर्षानुवर्षे सांबार त्याचे होते आणि मेट्रननी ते काढून कोणा पाहुणीला दिले होते.

"आव अम्मा," तो म्हणाला. "सांबार किधर है?"

"हा काय," म्हणत मायने टोपल्या पुढे केल्या.

त्याने टोपल्यांत पाहिले. मग टोपल्यांच्या मागे पाहिले. "ये तो धनिया है. सांबार?"

"हाच सांबार. ताजा हाय. वास पाह्य."

पेरुमाळने ताईकडे पाहिले आणि ताईचा चेहरा उतरला. तिला सगळे एका क्षणात समजले. तिने मायला समजावले तेव्हा माय आधी हसली, मग चुलींकडे वळून पाहू लागली. चुलीवर भात होता, त्यावर घालायला काही नव्हते आणि पाने एक वाजता वाढायची होती. ताई म्हणाली, "मी मेट्रनले सांगतो. चूक झाली म्हनतो. पेरुमाळ करीन काहीतरी."

"दोनशेच जन ना?" माय म्हणाली. "जयंतीले आपल्या वस्तीत किती राह्यतात?"

"तीनशे."

"त्याईचं वरन कोन करते?"

"तूच करतं." ताईचा आवाज खाली गेला. "पर माय, जयंतीले आपलेच लोकं राह्यतात."

ताईला काय म्हणायचे होते ते आम्हा तिघींनाही कळले. मायच्या हातचे वस्तीबाहेरच्या माणसाने आजवर खाल्लेले नव्हते. आज दोनशे जणांनी खाल्ले नाही आणि ते का, हे एका पानावरून दुसऱ्या पानावर गेले, तर ताईला त्याच लोकांत रोज काम करायचे होते. माय बराच वेळ टोपलीतला सांबार सारखा करत राहिली. मग तिने विचारले, "हे लोकं तुह्या हातची सुई टोचून घेतात का नाही?"

"घेतात."

"गोळी देली त खातात?"

"खातात."

"मंग माह्या हातचं वरन खातीन. पर सांगून खाऊ घालीन. लपवून नाही." आणि ताईने अडवायच्या आत ती पेरुमाळसमोर उभी राहिली. "भैया, आमी बौद्ध हाय. हमारे गाव में हमारे हाथ का कोई खाता नाही. मैं पकाती, पर पहले सब को पूछ लो."

पेरुमाळने पळी खाली ठेवली. माझ्या कानात त्याचे शब्द आहेत तसे लिहिते. "अम्मा, मेरा नाना मद्रास का कैदी. नानी बनारस की कैदी. इधर शादी बनाया. अब मेरी जात तुम बताव." त्याने डाळीच्या पोत्याचे तोंड सोडले. "नहीं मालूम ना? मेरे को भी नहीं मालूम. दाल कितना निकालूँ, वो बोलो."

मायचे तेवढ्याने भागले नाही. "तू स्वैपाकी हायेस. मोठ्या बाईले इचार." ताई धावत मेट्रनकडे गेली. परत आली तेव्हा तिला दम लागला होता आणि ती हसत होती. "मेट्रननं एकच गोष्ट इचारली. नखं कापले का, अन् साबनानं हात धुतले का." मायने स्वतःचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. नखांत माती होती. तिने ती स्वयंपाकघरातल्या सुरीने काढली, कोपरापर्यंत साबण लावला आणि पदर खोचला.

तुरीची डाळ दोन मोठ्या देगांत शिजायला पडली. मायने लसूण सोलायला आम्हाला बसवले, पाकळ्या पाट्यावर ठेचल्या, सांबाराचे देठ वेगळे काढून बारीक चिरले. तेल तापल्यावर मोहरी, जिरे, लाल मिरच्या, लसूण आणि मग ते देठ. देठ तेलात पडताच जो वास उठला त्याने भाताजवळचे दोन मदतनीस मान वळवून पाहू लागले. तिच्या गाठोड्यातले तिखट मी क्वार्टरमधून आणून दिले. पेरुमाळ चिंचेचा कोळ घेऊन उभा होता. "बिना इमली का सांबार नहीं होता, अम्मा." माय म्हणाली, "वरनात चिच? वरनाचं वाटोळं करशीन." माय पाने चिरायला वळली. थोड्या वेळाने तिने पळीभर चाखले आणि थांबली. "कोनं आंबट केलं वो हे?" पेरुमाळ छताकडे पाहत होता. तिने पुन्हा चाखले. मग म्हणाली, "बरं लागते पर," आणि दुसऱ्या देगेपुढे स्वतःहून भांडे धरले. शेवटी दोन टोपल्यांची पाने आत गेली. ते वरणही राहिले नव्हते आणि सांबारही झाले नव्हते. दोन्ही देगा हिरव्या दिसत होत्या.

अकराच्या सुमारास लिमयेवहिनी दाराशी आल्या. त्यांना मेट्रनकडून समजले होते आणि त्या खरोखर ओशाळल्या होत्या. "अहो मावशी, मला काय माहीत तुमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात!"

माय पळी फिरवत म्हणाली, "मंग तुमच्याकडे सांबाराले कोथिंबीर काऊन म्हनतात?"

या प्रश्नाचे उत्तर मला अजून सुचलेले नाही.

पाने नव्या वॉर्डात मांडली. चुन्याचा वास जायचा होता. केळीच्या पानांच्या चार रांगा, डॉक्टरांशेजारी सफाईवाला, त्याच्याशेजारी कोणाची तरी म्हातारी सासू. भात आणि मासळी मदतनीसांनी वाढली. सांबाराची बादली मायने माझ्या हातात दिली. ती स्वतः स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, चौकटीला धरून, पुढे न येता. मेट्रननी उभ्याउभ्या मोठ्याने सांगितले की हे सिस्टर कमलच्या आईने शिजवले आहे, त्या महाराष्ट्रातून आल्या आहेत. राज्याचे ते नाव कोणी मायला जोडलेले मी प्रथमच ऐकले. त्यानंतर मी वाढू लागले. मी घाबरले होते, म्हणून मोजत होते. पहिल्या रांगेत कोणी हात आडवा धरला नाही. दुसऱ्या रांगेत एका तेलुगू कंपाउंडरने नाकाशी नेले आणि आणखी मागितले. बंगाली मुले तिखटाने नाक पुसत होती आणि खात होती. तिसऱ्या रांगेच्या टोकाला लिमयेवहिनी बसल्या होत्या. बादली त्यांच्यापुढे आली. दारातून माय पाहत होती, आणि ती पाहते आहे हे वहिनींनाही दिसत होते.

"काय गं," त्या मला म्हणाल्या, "हे सांबार आहे की कोथिंबीर?"

"दोन्ही," मी म्हटले.

त्यांनी भातात खळगा केला. मी वाढले. त्यांनी कालवला, पहिला घास घेतला, आणि दुसरा घास घेण्याआधी शेजारच्या डॉक्टरीणबाईंना हिंदीत म्हणाल्या, "हमारे उधर की हैं." हे वाक्य मी स्वतः ऐकले. त्यानंतर आम्ही आठ दिवस बेटावर होतो आणि वहिनी एकदा आल्या. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला की नाही हे मला आठवत नाही, आणि आठवत नाही ते लिहू नये असे मी इतरांना शिकवत आले आहे.

चौथी रांग संपली तेव्हा एकही पान सांबाराशिवाय नव्हते. दुसऱ्या फेरीत दोन्ही देगा खालपर्यंत खरवडल्या गेल्या. लोक उठल्यावर पेरुमाळने एक पान स्वयंपाकघरात मांडले आणि मायला बसवले. ती म्हणाली, तुम्ही आधी बसा. तो म्हणाला, "अम्मा, मैं रोज बैठता है." त्याने तिच्यासाठी एक वाटी बाजूला काढून ठेवली होती, नसती ठेवली तर तिला तिचे स्वतःचे वरण पानावर मिळाले नसते. त्याने वाढले, ती जेवली. मायला वस्तीबाहेरच्या माणसाने बसवून, स्वतःच्या हाताने जेवू घातलेले त्यापूर्वी मी पाहिले नव्हते. ती नेहमीसारखी घाईने जेवली नाही. पायसम दोनदा घेतले. जेवून हात धुतल्यावर तिने उरलेले धणे पेरुमाळला दिले आणि चपलेखाली कसे रगडायचे ते करून दाखवले. त्याने ते पुन्हा एकदा करून दाखवायला लावले.

जूनच्या सुरुवातीला आम्ही गावी परतलो. एसटीतून उतरलो तेव्हा वस्तीतल्या बाया ओट्यावर जमलेल्याच होत्या. बाबा शेळ्या सोडून आले. माझ्या निकालाबद्दल आधी कोणी विचारले नाही. गिरजामावशीने मायसाठी पाण्याचा तांब्या आणला, बाया सरकून बसल्या, आणि तिनेच सगळ्यांच्या वतीने विचारले, "सांग वो आता. एवढ्या दूर गेली, बेटावर काय काय पाह्यलं?"

मायने पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला.

"दोनशे लोकं पाह्यले," ती म्हणाली. "माह्या हातचं जेवतानी."

समोरच्या आजोबांनी ओट्यावरून पाय खाली सोडले. मग गिरजामावशीनेच विचारले, "अन् समुद्र?"

"समुद्रबी होता," माय म्हणाली.